मशीनला नाव ठेवायचं न्हाई

…न्हाई, मशीनला नाव ठेवायचं न्हाई, मशीन चांगलंच हाय, पण मला एक सांगा, लॅपटॉप म्हणजे मांडीवर घ्यायची वस्तू ना? मंग हे असं कसं, की मांडीवर घेतलं की मांडी भाजती, टेबलावर ठेवलं की टेबल थरथरतं, आन् चार्जर, निस्ता चार्जर हां, पिशवीत घालून एसटीत चढलो तर कंडक्टर इचारतो, लोखंड हाय का, लगेजचं तिकीट फाडू का? तुमाला सांगतो, हे मशीन घेताना मी व्हतो संगं. मला जायचं काही कारण नव्हतं. माझं सिरसाळ्यात पाइप आन् नटबोल्टचं दुकान, लॅपटॉपातलं मला एवढंच कळतं की तो मिटतो. पण आमच्या शेजारचा अंगद म्हणला, चल, संगं माणूस असला की दुकानदार दबून ऱ्हातो. मी कुणाला दबवणार? माझ्याच दुकानात गिऱ्हाईक मला भाव सांगतं… जाऊ द्या.

तर अंगद. लग्नाचं शूटिंग करतो. दुकानाला नाव बायकोचं, ‘मनिषा फोटो’. नजर लई चांगली गड्याची. नवरी रडायच्या दोन सेकंद आधी ह्याचा कॅमेरा तिच्या तोंडावर गेलेला असतो. कसं कळतं, देवाला म्हाईत. पण घरचा कॉम्प्युटर असा, की बघवत नव्हतं. शूटिंग कापून-जोडून झालं की शेवटी त्याची एक सलग फिल्म काढावी लागती, त्याला हे लोक रेंडर म्हणतात. तर अंगद तीन मिनटाचं गाणं रेंडरला लावायचा, रानात जायचा, मोटर चालू करायचा, पिकाला पाणी द्यायला दारं धरायचा, भाकर खायचा, परत यायचा, तर कॉम्प्युटर एकोणीस टक्क्यावर. आन् तेवढ्यात लाइट जायची. मंग परत एक टक्क्यापासून!

ह्यात मंगलचं लगीन अडकलं. आमच्या मागच्या गल्लीत सुंदरबाई हाय, तिची ही लेक. लगीन झालतं मे मधी, आन् दसरा झाला की मंगल नवऱ्यासंगं ऊसतोडीला कर्नाटकात जाणार, सहा महिने. सुंदरबाई जूनपासून फिल्म मागती. रोज दुकानासमोर येऊन उभी ऱ्हायची. भांडायची न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. निस्ती म्हणायची, “भाऊ, तिकडं फडावर पाचटाच्या कोपीत ऱ्हायचं, तिला बघायला व्हईल. एवढंच.” आन् निघून जायची. अंगदला जेवण जाईना.

मंग ठरलं, नवं मशीन घ्यायचं. ताकदीचा लॅपटॉप, फिल्मवाले वापरतात तसला. परळीत दुकानात किंमत इचारली. अंगद तिथल्या गुबगुबीत खुर्चीवर बसलता, तो हळूच उठून उभा ऱ्हायला, बसायचं बी पैसं लावत्याल म्हणून. तवा कुणीतरी सुचवलं, रिफर्बिश घे. घरी त्याचे वडील, शहादेव बापू, त्यांनी इचारलं, म्हणजे काय बे? अंगदनं सांगितलं, मोठ्या कंपनीनं वापरलेलं मशीन असतं, ते उघडून, साफ करून, खराब पार्ट बदलून परत इकतात. बापू म्हणले, “मंग जुनं म्हण की. जुन्याला इंग्रजी नाव कावून?”

गेलो संभाजीनगरला. तिसऱ्या मजल्यावर दुकान, दुकानदार विजयसिंह, अंगाला सेंट, आन् बोलणं असं की साखर सांडती… “सर, हे मशीन म्हणजे काय सांगू, एका मॅडमनी वापरलेलं, एकट्या, एसीत, बोटंसुद्धा हळू मारायच्या.” मी म्हणलं, तुमी बघायला गेलते का? अंगदनं मला चिमटा काढला. दबवायला नेलतं ना मला?

पण अंगद हुशार. घरनं हार्डडिस्क आणलेली, तिच्यात मंगलच्या हळदीचं गाणं. त्यानं तिथंच रेंडर लावलं. विजयसिंहनं च्या सांगितला. तुमाला सांगतो, च्या यायच्या आत शंभर टक्के! अंगद त्या पडद्याकडं बघतच ऱ्हायला, सात वर्षं त्या डबड्यापुढं काढलेला माणूस, डोळ्यात पाणीच आलं त्याच्या. मी कानात म्हणलं, डोळे पूस बे, भाव वाढवील तो.

घेतलं. हातानं लिहिलेलं बिल, ‘लॅपटॉप, एक नग’. घरी मनिषानं ओवाळलं, नारळ फोडला, आन् बापूंनी मशीन उलटं करून खालच्या अंगाला ओल्या हळदी-कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर काढलं तर गिऱ्हाइकापुढं बरं दिसत न्हाई म्हणून खाली.

मंग अंगद कामाला बसला. दहा मिनटं झाली नसतील, मशीनचा पंखा सुटला. बापू अंगणातून पळत आत आले, फवारणीचा पंप घरात कुणी चालू केला म्हणून! बॅटरी बघितली तर चाळीस मिनटं, एक्केचाळीसाव्याला मशीन मेलं. विजयसिंहला फोन लावला, तर तो म्हणतो, “सर, मशीन चांगलंय. ताकदीचं मशीन आवाज करणारच. ट्रक आवाज करत नाही का?” म्हणजे आमी लॅपटॉप घ्यायला गेलतो, ट्रक घेऊन आलो. पण नाव ठेवायचं न्हाई. आठ दिवसात अंगदनं पाच महिन्याचं काम उरकलं. मंगलची फिल्म होत आली.

एकच गाणं ऱ्हायलं, ते नेटवरून घ्यायचं. आठ दिवस त्यानं मशीनला नेट जोडलंच नव्हतं. मंगळवारी जोडलं. पडदा काळा. काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. मनिषा बी.कॉम. झालेली, तिनं वाचलं, हे मशीन अमक्या कंपनीच्या मालकीचं हाय, सापडलं असल्यास ह्या नंबरवर कळवावं.

बापू हळूच म्हणले, “चोरीचं हाय का बे?”

शूटिंग हार्डडिस्कमधी सलामत व्हतं, पण आठ दिवसांची सगळी जोडणी त्या काळ्या पडद्याच्या मागं. आन् ऊसतोडीच्या गाड्या शुक्रवारी निघणार. विजयसिंहला फोन लावला, तर उलटा आमालाच रागावतो, नेट कशाला जोडलं म्हणून! “नेट सोडून बाकी चालतं ना, सर? मशीन चांगलंय.” मंग म्हणला मी एका फंक्शनमधी हाय, आन् फोन जो बंद झाला तो बंदच.

अंगद भिंतीला टेकून बसला. आता पोलिसात नेतील, पेपरात नाव येईल, आन् लग्नाला परत कोण बोलवील? त्यानं ठरवलं, त्या नंबरला फोन करायचाच न्हाई. बापूंनी त्याच्याकडं बघितलं. म्हणले, “चोर फोन करत नसतो. तू कर.” आन् मनिषानं नंबर फिरवला सुद्धा.

आता हे कंपनीचे फोन कसे असतात तुमाला ठाऊक हाय, हिंदीसाठी एक दाबा, अमक्यासाठी चार दाबा, आन् मंग नुसती सनई म्हणावी का काय ते वाजत ऱ्हातं. अर्धा तास वाजलं. बापूंना ते आवडायला लागलं. तेवढ्यात एक बाई बोलली, अपना एम्प्लॉयी आयडी बताइए. अंगद घाबरून म्हणला, मनिषा फोटो, सिरसाळा, तालुका परळी. मंग ती म्हणली, “मराठीत बोला, सर. मी ऋतुजा. मशीन तुमच्याकडं कसं आलं?”

झालं! अंगदनं सांगायला सुरुवात केली ती परळीच्या गुबगुबीत खुर्चीपासून. पोरीनं ऐकून घेतलं, एकदा तोडलं न्हाई. मंग म्हणली, मशीनच्या खाली स्टिकर आहे, त्यावरचा नंबर वाचा. मशीन उलटं केलं… आन् स्टिकरावर बापूंचं स्वस्तिक. वाळलेलं, घट्ट. एकसुद्धा आकडा दिसंना. मनिषानं खोबरेल आणलं, बापू धोतराच्या सोग्यानं पुसत बसले, कुंकवाखालून एकेक आकडा वर यायला लागला. हा आठ का तीन? बापू म्हणतेत आठ, मनिषा म्हणती तीन, ऋतुजानं दोन्ही घालून बघितले. तीन निघाला.

मशीन चोरीचं नव्हतं. कंपनीनं जुनी मशिनं एकगठ्ठा इकलेली, कागदोपत्री सगळं बरोबर, फक्त त्यांच्या यादीतून हे एक कमी करायचं ऱ्हाऊन गेलतं, म्हणून नेट जोडताच कंपनीचं कुलूप बसलं. पण कमी करायला तीन सायबांच्या सह्या लागतात, पंधरा दिवस.

अंगद गयावया करणारा माणूस न्हाई. तो एवढंच म्हणला, “मॅडम, पंधरा दिवसांनी पोरगी कर्नाटकात असल.”

ती म्हणली, कोण पोरगी? मंग त्यानं मंगलचं सांगितलं, गाड्यांचं सांगितलं, सुंदरबाई रोज येऊन काय म्हणती ते सांगितलं. ऋतुजा म्हणली, फोन ठेवू नका. परत ते वाजणं सुरू. परत बापू खूश. ती आली ते तिच्या सायबाला इचारूनच आली. म्हणली, मशीन यादीतून निघेपर्यंत एक करता येतं, तुमचं नाव कंपनीत बाहेरचा कामगार म्हणून लावते, मशीन तुमच्या नावावर चढवते, म्हणजे ते उघडंल. सह्या झाल्या की तुमचं बी नाव काढू, मशीनचं बी. अंगद हो म्हणला. तो तवा कशालाही हो म्हणला असता.

उघडलं! गुरुवारी दुपारपर्यंत फिल्म तयार.

शुक्रवारी चौकात ट्रक भरायला लागले, भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्या, लेकरं. अंगद धापा टाकत पोचला, मंगलच्या मोबाइलात फिल्म टाकली, तर मोबाइल म्हणतो, चालत न्हाई. का, तर मशीन ताकदीचं म्हणून गड्यानं फिल्मही तेवढीच ताकदीची काढलेली, त्या मोबाइलाला पेलंना. आता? पंक्चरच्या दुकानातनं वायर ओढली, ज्वारीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला, आन् लावली तिथंच. चाळीस माणसं गोळा झाली. पंखा असा सुटला की गाण्याचा एक शब्द कुणाला ऐकू आला न्हाई. मुकादम वरडत आला, अरे गाडी काढायची का न्हाई, आन् आला तो वाकून बघायलाच लागला. मधीच म्हणला, थांब, मागं घे, तो कोपऱ्यात जेवतोय तो मीच हाय ना?

मंगल पडद्याजवळ सरकली. हळद लागलेली, हसणारी ती स्वतःच पडद्यावर होती. शेवटी म्हणली, “भाऊ, मी अशी दिसत होते?”

अंगद म्हणला, “अशीच दिसतीस.”

सुंदरबाईनं पदर डोळ्याला लावला, पडद्यातल्या लेकीवरून हात फिरवावा म्हणून मशीनला हात लावला, आन् झटकन मागं घेतला. म्हणली, आगं बया, ह्येला ताप आलाय! सगळा चौक हसला. मंगल बी हसली. तेवढ्यात अंगदनं तीच फिल्म लहान करून मोबाइलात घातली, ती चालली, आन् गाडी हलली.

इथं गोष्ट संपायला पायजे होती का न्हाई? पण त्या सह्या! तीन सायबांपैकी एकजण नोकरी सोडून गेला म्हणं, आन् त्याच्या जागी अजून कुणी आलं न्हाई. म्हणजे आमचा अंगद अजून त्या कंपनीतच हाय. पगार? पगाराचं नाव काढू नका. पण दर तीन महिन्याला कंपनीचं पत्र येतं, हापिसात आग लागली तर आठव्या मजल्यावरून खाली कसं उतरायचं, त्याची ऑनलाइन परीक्षा द्या, न्हाईतर मशीन बंद. आता सिरसाळ्यात ह्याचं घर पत्र्याचं, एक पायरी, तीही फुटलेली. पण बसतो बिचारा, मनिषा प्रश्न वाचती, बापू उत्तर सांगतेत. मागल्या वेळी नापास झाला. बापूंनी सांगितलं, आठव्या मजल्यावर माणूस दमंल, लिफ्टनं उतर.