शांतवनमामांची पेटी

सोलापूर स्टँडवर वैरागची गाडी लागायची होती. माझ्या बाकावर एक म्हातारी पुण्याहून येऊन बसलेली. तेवढ्यात तिची इथली जुनी मैत्रीण आली.

“सलाम, मार्थाबाई!”

“अगं एस्तेर! सलाम, बस की. आपल्या चर्चमधी अजून शांतवनमामाच पेटी वाजवत्यात व्हय?”

“मामा प्रभूत निजले, त्याला लई वर्सं झाली. आता मोबाइलवरचं गाणं स्पीकरवर लावत्यात.”

“बरं हाय की मग.”

“काय बरं? आमी म्हाताऱ्या दुसऱ्या ओळीत, ते चौथ्या ओळीत. थांबतंय कुटं?”

“मामा थांबायचे.”

“खोकायचे म्हण! तिसऱ्या ओळीला खोकला ठरलेला. मामांचं खोकून होईस्तवर अख्खं चर्च गप उभं.”

“दमा असून एक रविवार चुकवला न्हाय. ‘माझा भाता फाटलाय, पेटीचा शाबूत हाय की,’ म्हणायचे.”

“औंदाच्या नाताळात गाणं सुरू झालं आन् लाईट गेली. स्पीकर बंद. म्हटलं, आता पोरं गप बसणार.”

“बसली?”

“न्हाय! जोरात म्हणाया लागली. आन् तिसऱ्या ओळीला सगळं चर्च थांबलं.”

“पोरंबी? त्यांनी मामांना कुटं बघितलंय?”

“गाणं आज्यांनीच शिकवलंय की त्यांना.”

“मग पुढं कसं गेलात?”

“मागनं कुणीतरी खोकलं. मग गेलो.”