मुक्ताचा वादविवाद

मतदानाचा विषय निघालाय, तर आमच्या मुक्ताचं ऐका. तेव्हा आम्ही शारजात होतो. मुक्ताची टीचर अमेरिकन. त्यांच्या राज्यात निवडणुकीत एका कायद्यावरही लोकांची मतं घेणार होते: शाळेत फक्त इंग्रजीतूनच शिकवायचं. टीचरची मतपत्रिका पोस्टानं आली होती, आणि त्या होकार देणार होत्या. तरी त्यांनी वर्गात त्यावर वादविवाद ठेवला. आम्हा पालकांनाही बोलावलं.

कायद्याच्या बाजूनं एक मुलगा झकास बोलला. मग विरोधात बोलायला मुक्ता उठली. घरी आम्ही मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "मला तहान लागलीय. पाणी कुठे मिळेल?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तिनं पुन्हा तेच विचारलं. आम्ही दोघं सोडून कुणाला काही कळेना.

मग ती इंग्रजीत म्हणाली, "केजीच्या पहिल्या दिवशी मी हेच विचारत होते. घरी जाईपर्यंत मला पाणी मिळालं नाही."

बायकोनं माझा हात घट्ट धरला. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं.

निघताना टीचर जवळ येऊन म्हणाल्या, "माझं मत बदललं."

इतकी वर्षं परदेशात राहिल्यानं मी स्वतः कधी मत दिलं नव्हतं, आणि माझ्या पोरीनं थेट अमेरिकेतलं एक मत फिरवलं होतं.