ताणावर सोडलेल्या पेशी

माझं पहिलं स्थळ कसं मोडलं, ते सांगते, ऐका. ऐंशीचं दशक. मी मुंबईच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते. सौंसरच्या घरी मला पाहायला लोधीखेड्याचे पाहुणे आले.

मुलाच्या आईनं विचारलं, "तिथं काय करून राहिली, बाई?"

"पेशींना विष देते."

सगळ्यांचे कप हातातच थांबले. बाबा सावरायला धावले. "अवो, संत्र्याचं पाणी तोडून बाग ताणावर सोडतो ना आपण? मंग बहार जोरात येते. तसंच हाय ते."

"तसंच," मी म्हटलं. "विष पचवायला पेशी एका जनुकाच्या ढीगभर प्रती करतात. आम्ही बाहेरून घातलेलं जनुक त्यालाच जोडलेलं, म्हणून तेही वाढतं. मग आम्हाला हवं ते प्रथिन भरपूर मिळतं."

"लग्नानंतर हे थांबवा लागन."

"काकू, विष थांबवलं का त्या जास्तीच्या प्रती गळून जातात. कमावलेलं सारं जाते. मी नाही थांबणार."

पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले. आई रडायला लागली. बाबांनी फाटक लावलं अन् तिला म्हणाले, "कायले रडतं? ताण न सोसणारं झाड होतं ते. तिथं बहार आलीच नसती."