बिनचुंबळीची मोळी

आक्काबाई : …आन् राहीबाईच्या दारावरनं गाडी नेतो तर हॉर्न सुदिक वाजवीत न्हाई. काल म्हशी आडव्या आल्या, तर खाली उतरून हातानं हाकलल्या, पन हॉर्नला बोट लावलं न्हाई. चार दिस झाले, गावातनं मांजरावानी येतोय-जातोय. ह्याला लेक म्हनायचं का भाडेकरू?

रुपाली : आत्या, हळू बोला. शेडमध्येच आहेत ते. नगरचा टेम्पो येणार आहे चारला, मोळ्या न्यायला. पहिलीच मोठी ऑर्डर आहे.

आक्काबाई : मोळ्या म्हनं! वाळू भरल्याली कॅनव्हासची गोणी, तिला मोळी म्हनायचं. मी पंचवीस हंगाम उसाची मोळी वाहिली डोक्यावर, फळी चढून टरकात टाकली. तवा कुनी टाळी वाजवली न्हाई. आता शिकल्याली पोरं पैशे देऊन डोक्यावर घेत्यात. घेऊ दे बापडी. डोकं आतनं रिकामं, वर तरी कायतरी असावं.

रुपाली : कल्पना चांगली होती त्यांची.

आक्काबाई : कल्पना माझ्या मानंची हाय. त्यानं निस्ती शिवून घेतली. तीबी तुझ्याकडनं.

रुपाली : फळी त्यांनीच बनवली की. तीन उतारांची. पोलीस भरतीची पोरं त्या फळीवर चढून पाय बनवतात. अकादमीचे सर म्हणाले, असलं यंत्र कुणी बघितलं नाही.

आक्काबाई : सरांचं ठेव बाजूला. सकाळी राहीबाई काय म्हनली तुला दारात? मी आत दळान निवडत हुते, पन कान काय निवडत नव्हते.

रुपाली : म्हणाली, तुझ्या हाताला कीड पडो. तुला टाका नीट घालता आला नाही, म्हणून माझी नात मान धरून पडली. वीस तारखेला ज्ञानेश्वरीचं मैदान होतं, पोलीस भरतीचं. डॉक्टरांनी दीड महिना गळ्याचा पट्टा काढू नको म्हणून सांगितलंय.

आक्काबाई : आन् तू काय म्हनलीस?

रुपाली : काही नाही.

आक्काबाई : का गं? जीभ गहान ठिवलीस?

रुपाली : त्यांनीच तिला सांगितलंय तसं. शिवण उसवली म्हणून. मग मी नवऱ्याला भर दारात खोटं पाडू?

आक्काबाई : खोटं हाय म्हंजी.

रुपाली : ते तुम्ही त्यांनाच विचारा.

आक्काबाई : बोलीव त्याला. म्हनावं, आई मेली. मग तरी येईल.

हर्षल : काय हाय आई? टेम्पोवाल्याचा फोन आला, तिसगाव सोडलंय त्यानं. मला येळ न्हाई आत्ता.

आक्काबाई : ये ये, मालक. बसायला खुर्ची देऊ का गादी?

हर्षल : आता टोमणे नको. सांग काय ते.

आक्काबाई : टोमणे कशाला मारू? मला तुझं यंत्र बघायचंय. समदं गाव बघून आलं, आईच तेवढी ऱ्हायली. ती बघ, भिंतीला एक गोणी टेकवून ठिवलीय. घे डोक्यावर आन् चढ फळी.

हर्षल : आत्ता?

आक्काबाई : न्हाई, माझ्या दहाव्याला. घे म्हनलं ना. रुपाली, हात लाव त्याला. मोळी एकट्यानं डोक्यावर जात न्हाई. एवढं तरी ठावं हाय का तुमच्या सरांना?

हर्षल : पस्तीस किलोची हाय ती, आई.

आक्काबाई : माझी चाळीसची असायची. पोटात तू असायचास, त्यो येगळा.

(हर्षल गोणी डोक्यावर घेऊन अंगणातल्या लोखंडी फळीवर चढतो. वर जाऊन थांबतो.)

हर्षल : झालं? उतरू?

आक्काबाई : हुबा ऱ्हा. रुपाली, माझा चहा आन. साखर कमी घाल, आज तोंड आधीच गोड झालंय. हां, आता सांग. सोमवारी काय झालं?

हर्षल : किती येळा सांगू? ज्ञानेश्वरी अकादमीतल्या फळीच्या मध्यावर गेली. गोणीची शिवण उसवली, वाळू एका अंगाला आली, तोल गेला. अपघात हाय त्यो. कुणी मुद्दाम केलं का?

आक्काबाई : पोरगी रडली का?

हर्षल : न्हाई. खाली पडल्यावर मलाच म्हणाली, सर, टायमिंग किती आलं?

आक्काबाई : आन् तू काय सांगितलंस?

हर्षल : सांगितलं काहीतरी. आई, उतरू दे. मान भरून आली.

आक्काबाई : कुठं भरून आली?

हर्षल : इथं, उजवीकडं. कानाच्या मागं.

आक्काबाई : तिचीबी तिथंच धरलीय. बरं, ती फाटल्याली गोणी कुठाय?

हर्षल : फेकली. अकादमीच्या मागं उकिरडा हाय, तिथं. फाटकी ठेवून काय पुजायची हुती?

आक्काबाई : रुपाली, चहा दे हिकडं. आन् सांग त्याला.

रुपाली : मी आणली ती. मंगळवारी. सुनीलभाऊजींच्या रिक्षात घालून.

हर्षल : कशाला? तुला कोणी सांगितलं हुतं?

रुपाली : प्रत्येक गोणीच्या कोपऱ्यावर मी लाल दोऱ्यानं आकडा घालते. ती पाच नंबरची होती. माझा टाका कुठं सुटला ते मला बघायचं होतं.

हर्षल : मग? बघितलास ना?

रुपाली : तुमच्या डोक्यावर पाच नंबरच आहे.

आक्काबाई : हालू नको रं. हालू नको. रुपाली, जवळ जा त्याच्या. खांदा बघ. वाळू सांडलीय का?

रुपाली : नाही.

आक्काबाई : कॉलरीत बघ. पाठीवर बघ.

रुपाली : एक कणसुद्धा नाही, आत्या.

आक्काबाई : काय रं हर्षल? तुझी मेल्याली शिवण पुन्यांदा जित्ती झाली?

हर्षल : मला उतरू दे आधी.

आक्काबाई : खरं बोल आन् उतर. मी धरलंय का तुला? फळी तुझी, गोणी तुझी, मान तुझी.

हर्षल : घसरली. शिवण न्हाई गेली. गोणीच घसरली मागं, आन् तिची मान गेली तिच्यासंगं. झालं? मिळालं समाधान?

आक्काबाई : का घसरली? मी पंचवीस हंगामात चिखलात घसरले, दवात घसरले. पाय घसरला माझा, डोक्यावरची मोळी न्हाई घसरली. हिची का घसरली?

हर्षल : …चुंबळ नव्हती.

आक्काबाई : मोठ्यानं. मला ऐकू कमी येतं.

हर्षल : चुंबळ काढली हुती मी! गोणीच्या खाली हिनं चिंध्यांची गोल चुंबळ शिवली हुती, ती काढायला लावली. सर म्हणाले, हे पाण्याच्या हंड्याखालचं गावठी दिसतंय. फोटोत बरं दिसंना. शहरातला मानूस चुंबळ बघून घेईल का विकत? घेऊ का आता खाली?

आक्काबाई : घे. अलगद ठेव. तिचं कायबी चुकलं न्हाई.

हर्षल : आई, खालनं नवी गोणी एकदम सपाट दिसायला पायजे. तुला न्हाई कळायचं. डिझाईन असतं एक.

आक्काबाई : तुझ्या डिझाईनला मान नसती. माणसाला असती. चुंबळ काय शोभंची हाय का रं? ओझं टाळूला चिकटून बसावं, मागंपुढं सरकू नाही, म्हनून असती. माझी आई मला म्हनायची, भाकर इसर पन चुंबळ इसरू नको. आन् रुपाली, तू. उसवली कुनी ती चुंबळ?

रुपाली : मी.

आक्काबाई : समद्या?

रुपाली : सगळ्या. एका रात्रीत. ते म्हणाले, उसव. मी उसवल्या.

आक्काबाई : एकबी ठेवावी वाटली न्हाई? शेवगावची बारावी शिकल्याली तू. म्हनायचं हुतंस, न्हाई उसवत.

रुपाली : म्हणायला हवं होतं. तुमच्या घरात सात वर्षं झाली मला, आत्या. नाही हा शब्द मी इथं कुणाच्या तोंडून ऐकला असेल तर तो फक्त तुमच्या.

आक्काबाई : आता जीभ सुटली व्हय.

रुपाली : सुटली. आणि एक सांगते. अकादमीचा पहिला व्हिडिओ तुम्हीही बघितला होता. पोरं बिनचुंबळीची गोणी घेऊन फळी चढत होती. तुम्ही माझ्या हातातला मोबाईल घेऊन बघितलात आणि हसलात. एका बघण्यात तुम्हाला कळलं होतं. तुम्हीही बोलला नाहीत.

हर्षल : बघितलं हुतंस तू? आन् मला फळीवर हुबा करतीस?

आक्काबाई : बघितलं हुतं.

हर्षल : मग का न्हाई सांगितलंस?

आक्काबाई : तू सरांना इचारलंस. मोबाईलला इचारलंस. सुप्याच्या तुझ्या जुन्या कंपनीतल्या सायबाला फोन करून इचारलंस, ओझं किती किलो ठेवू. ज्या बाईनं मोळी वाहून तुला वाढवला ती तुझ्याच ओट्यावर बसली हुती. तिला इचारलं न्हाईस. म्हनलं, आपटू दे एकदा, मग येईल पाय धरायला. आपटनारा तू असशील, असं धरून चालले हुते मी. ती पोरगी न्हवं.

रुपाली : आत्या…

आक्काबाई : रडू नको. आपन तिघं मिळून तिची भरती खाल्लीय. ढेकर एकट्या रुपालीच्या नावानं निघाला, एवढंच.

हर्षल : टेम्पो आला बघ. आवाज आला. आई, जे झालं ते झालं. मी राहीबाईला नंतर भेटतो. आधी वीस मोळ्या चढवू दे. हे गेलं तर पुन्हा कोणी हुबं करणार न्हाई मला.

आक्काबाई : रुपाली, जा. टेम्पोवाल्याला पानी दे, चहा दे, आन् मोकळा लावून दे. म्हनावं, चुंबळ लावल्याशिवाय एकबी गोणी ह्या दारातनं जानार न्हाई. पाच दिसांनी ये.

रुपाली : तीन दिवसांत शिवते मी. तीन म्हणून सांगते त्याला.

हर्षल : रुपाली, थांब! आई, तो तिकडं दुसऱ्याकडनं घेईल! नकल करायला किती येळ लागतोय?

आक्काबाई : करू दे. त्याची मान त्याला. आता तू चल माझ्यासंगं राहीबाईकडं. मी आधी जाते आत, माझं मी सांगते तिला. मग तू तिच्या दारात हुबा ऱ्हायचं आन् गल्लीला ऐकू जाईल असं म्हनायचं : टाका माझ्या बायकोचा चुकला न्हाई. चुंबळ मी काढली, आन् खोटंबी मीच बोललो.

हर्षल : ती पोलिसात जाईल.

आक्काबाई : जाऊ दे. नात तर जानार न्हाई तिथं आता, आज्जी तरी जाईल.

हर्षल : लई वंगाळ बोलतीस तू.

आक्काबाई : गोड बोलायला तुमी लोक ठिवलेत की. चल.

हर्षल : आन् मग माझ्या धंद्याचं काय? मी नोकरी सोडलीय ह्याच्यासाठी. दोन वर्षं झोपलो न्हाई. हे मी शोधलंय आई, दुसऱ्या कोणी न्हाई.

आक्काबाई : तू शोधलंस. न्हाई कोन म्हनतंय? माझ्या ध्यानातबी आलं नसतं, की हे ओझं कुनी हौसंनं घेईल. डोकं हाय तुला, ते मी राहीबाईसमोरबी सांगीन. पन ज्याच्या डोक्यावर ओझं ठेवायचं, ते मानूस तुला दिसत न्हाई. ते तुला म्या शिकवायला पायजे हुतं, न्हाई शिकवलं, आता शिकवून येनार न्हाई. शेडची चावी रुपालीला दे. शिवायचं तिला येतं, वाहायचं मी दावीन तिला, ह्या वयात फळी चढून दावीन. तू सोमवारपासनं सुप्याला जा परत. सायब दावील तेवढा नट आवळायचा, पुढं कुठं बसनार हाय ते बघायचं न्हाई. तेवढं जमंल तुला.