हेनिंगचा गुडघा

— नाही नाही, डोकं वर नका काढू काका, ते भोक तोंडासाठीच आहे, त्यातून श्वास घ्यायचा आणि गप खाली बघत राहायचं. दुखतंय? दुखणारच! जँडल्स — म्हणजे आपल्या रबरी चपला — घालून माउंट रॉस्किलचा डोंगर उतरायचा, तोही पळत, अडुसष्टाव्या वर्षी — सूनबाईंनी सांगितलं मला सगळं फोनवर. पोटरीची नुसती गाठ झालीय. सैल सोडा पाय. अजून सैल. हां. तर तुम्ही तो भिंतीवरचा फोटो विचारत होतात — चिखलात उभा असलेला माणूस — तो हेनिंग. हेनिंग ब्रांडेस. जर्मन. प्रोफेशनल फुटबॉलर होता, मिडफिल्डर. मिडफिल्डर म्हणजे काय? अहो, मला तरी कुठे माहीत होतं! मी पुण्याची, आमच्या घरी फुटबॉल म्हणजे वर्ल्ड कपच्या वेळी बाबा जागायचे तेवढंच. इथल्या क्लबला शनिवारी मॅचला फिजिओ हवी होती, आणि चंद्रहास म्हणाला — माझा नवरा — की घरात बसून माझ्यावर ओरडतेस त्यापेक्षा जा. गेले. बघते तर बाकीचे दहाजण धावतायत, आणि हा एक टक्कल पडलेला माणूस मधोमध चालतोय. चालतोय काका! मी हाफटाइमला सरळ विचारलं, तुम्ही पळत का नाही? तर म्हणाला, बॉलला पळू दे, त्याचे गुडघे दुखत नाहीत.

मग हळूहळू कळायला लागलं. बॉल पायाशी यायच्या आधी तो मान वळवून मागे बघायचा, दोनदा, तीनदा, प्रत्येक वेळी — जशा आपल्याकडच्या बायका रस्ता ओलांडताना बघतात ना, तसं. बॉल आला की पायाचा एक स्पर्श, आणि गेला, जिथे कोणी नाही असं वाटायचं तिथे, आणि तिथे नेमका आपला कोणीतरी पोचायचा. एवढंच त्याचं काम. टाळ्या दुसऱ्याला. मी विचारलं, याचे पैसे मिळायचे? म्हणाला, एकोणीस वर्षं मिळाले.

एकोणीस वर्षं! वडील बस ड्रायव्हर, उत्तरेकडचं कुठलंसं छोटं गाव, आणि बाविसाव्या वर्षी हा थेट जर्मनीच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये उतरला. शेवटची चार मिनिटं. बॉलला पाय लागला एकदा — मागे, गोलकीपरला पास. कसा होता पास, मी विचारलं. 'अचूक,' म्हणाला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही हो! त्यानंतर गुडघ्याचं पहिलं ऑपरेशन, मग दुसरी डिव्हिजन, मग तिसरी. सात क्लब झाले. आणि नशीब बघा, हा ज्या क्लबात जाणार तो त्या वर्षी खाली घसरणार, आणि हा सोडून गेला की पुढच्या वर्षी तोच क्लब वर! शेवटी म्हणे लोक गमतीत सांगायचे, ब्रांडेसला विका, प्रमोशन नक्की. हसताय ना? हलतंय सगळं टेबल. तोही हसायचा सांगताना. फक्त एक गोष्ट सांगताना नाही हसायचा — की इतक्या वर्षांत एक फायनल खेळला नाही. कुठलीच नाही. मग केट म्हणाली, आता माझ्या देशात चल — बायको इथली, नर्स आहे — आला, शाळेत गणित शिकवायला लागला, आणि शनिवारी आमच्याकडे.

तर गेल्या वर्षी आम्ही कपच्या सेमीफायनलला पोचलो. आम्ही! जे दरवर्षी पहिल्याच राउंडला भजी खाऊन घरी जायचो — भजी मीच न्यायचे. मॅच ख्राइस्टचर्चला, शनिवारी. आणि गुरुवारी त्याच्या गुडघ्याचा एमआरआय आला माझ्याकडे. स्पेशालिस्टनं लिहिलं होतं, तू भेटतेस त्याला, तूच समजावून सांग. काय सांगणार? गादी संपली होती काका. हाडावर हाड. यापुढे एक मॅचसुद्धा नको, असं स्पष्ट.

मी — थांबा, आता थोडं जोरात दाबणार आहे — मी नाही सांगितलं. गुरुवारी त्याला टेप लावली, शुक्रवारी विमानात शेजारी बसले, आणि बोलले काय, तर हवामान. चंद्रहासलाही नाही बोलले. मनाशी म्हटलं, तीन दिवसांनी काय बिघडतंय, इतकी वर्षं घासलंय तर अजून नव्वद मिनिटं. हे मी म्हटलं. फिजिओनं.

आणि खेळला काय हो! दक्षिणेचा बोचरा वारा — इथे थंडी दक्षिणेकडून येते — बोटं बधिर, शून्य-शून्य. एकाहत्तराव्या मिनिटाला त्यानं मान वळवली, मागे बघितलं, आणि त्याच पायावर गर्रकन फिरून — मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला — बॉल असा गेला की मी ओरडले, मराठीत ओरडले, 'अरे घे, घे, घे!' गोल! सगळे पोरगे तिकडे नाचायला पळाले. हा जागेवर. मला वाटलं, जर्मन माणूस, भाव खातोय. मग बघितलं तर पाय टेकवत नव्हता. मी बॅग घेऊन धावले. म्हणाला, 'हात लावू नकोस, निवेदिता. हात लावलास तर तुला मला बाहेर काढावं लागेल.' नाही लावला. उरलेली एकोणीस मिनिटं तो मध्यावर उभा राहून नुसते हात करत होता — तू इकडे, तू मागे — अलका टॉकीजच्या चौकातला ट्रॅफिक हवालदार! आणि जिंकलो.

रविवारी विमानतळावर, कॉफीच्या रांगेत, मी सगळं सांगून टाकलं. रिपोर्ट गुरुवारीच आला होता, मी दाबला, चुकलं. तो ऐकत होता, कॉफीत साखर ढवळत. मग म्हणाला, 'माझ्याही फोनवर गुरुवारीच आला होता. तू विचारशील म्हणून तीन दिवस घाबरून होतो.'

घ्या! दोघं शेजारी बसून हवामानावर बोलत होतो!

फायनल? नाही खेळला. कसा खेळणार. जाकीट घालून बाकावर, माझ्या शेजारी. तीन-एक हरलो. आता एक्केचाळीस वर्षांचा आहे, जिना खेकड्यासारखा आडवा उतरतो, आणि नवीन गुडघा घालायला सर्जन म्हणतात, अजून लहान आहात. सर्जनकडून माझ्याकडे येतो तेव्हा पहिलं म्हणतो, तो पास आठवतो का. एकदा तरी चिडावं ना माणसानं! चिडला असता तर मला — जाऊ दे. तो माहीत असून खेळला, ही त्याची गोष्ट झाली. मला तर माहीत नव्हतं ना, की त्याला माहीत आहे. मी तर त्याला अंधारात ठेवूनच पाठवलं. आणि खरं सांगू, त्याच्यासाठी नाही हो. मला बघायचं होतं. तो नसता तर आम्ही हरलो असतो, आणि मला जिंकायचं होतं.

हे मी कोणालाच... तुम्हाला का सांगतेय मी?

काय? नीट ऐकू नाही आलं, त्या भोकातून. पुन्हा तशीच वेळ आली तर?

उठा. सावकाश, कुशीवर वळून. हां. पँटचे दुमडलेले पाय खाली सोडा, मोजे तिकडे खुर्चीवर. बर्फ दिवसातून तीनदा, डोंगर बंद. मंगळवारी सव्वादहा. आणि जाताना दार ओढून घ्या, काका, बाहेर थांबलेत लोक.