बोरमाळाचं कुरण कोणी पेटवलं

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष श्रीयुत चनमल्लप्पा, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, जंगल खात्यातील अधिकारी मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते रेंजरसाहेब विरुपाक्षराव, आणि समोर बसलेल्या माताभगिनींनो व बंधूंनो,

मी शरणप्पा, गवताचा मक्तेदार. वखारीत घसा फोडून बोलतो, पण सभेत उभा राहिलो की वाक्यं विसरतो. सांभाळून घ्या.

साहेब सोलापुरात आले सत्तावीस साली. पहिल्याच आठवड्यात माझ्या वखारीत येऊन बसले आणि म्हणाले, "शरणप्पा, गवत कापून झालं की माळ पेटवता कशाला?" मी म्हटलं, "आजोबा पेटवायचे, वडील पेटवायचे. राखेवर कोंब जोमानं येतो, गोचिडं मरतात." दुसरा अधिकारी असता तर कलम काढलं असतं. यांनी मला भर उन्हात माळावर नेलं. एकीकडं दरसाल जळणारा माळ, दुसरीकडं चार वर्षं न जळलेला. जळणाऱ्यात नुसती कुसळी माजलेली, न जळलेल्यात मारवेल आणि पवन्याचं कसदार गवत. म्हणाले, "हे कुसळ मेंढीच्या कातड्यात शिरतं, हरणाच्या तोंडात रुततं. चांगलं गवत तुम्हीच मारता आणि मग पावसाला शिव्या देता." नंतर राखेत चंडोलाचं घरटं दाखवलं. आत तीन अंडी, भाजलेली. मी गुडघ्यावर बसलो तो मला उठवेना. साहेबांनी हात देऊन उठवलं, आणि त्यांची कंबर धरली ती त्याच दिवसापासून, असं साहेबांच्या घरच्या वहिनी म्हणतात. हसा, हसा; मीही तेव्हा हसलो होतो.

बरं, हटवादी माणूस नव्हे. म्हणाले, "गोचिडाचं तुमचं खरं आहे. जाळायचंच तर माघात जाळा, पाखरं अंड्यावर बसायच्या आधी. वारा पडलेला बघा, एकच पट्टा घ्या, आधी मेंढरं फिरवा, आणि जनावराला पळायला एक बाजू मोकळी सोडा." एवढं सोपं सांगणं! पुष्कळांनी ऐकलंही. त्या माळावर माळढोक पुन्हा दिसू लागला.

पण एकतीस साली, चैत्रात, बोरमाळाचं कुरण पेटलं. परवानगी नाही, वेळ चुकीची, वारा सुटलेला, आणि आग चहूबाजूंनी. ससे, तितर किती गेले, कोण मोजणार? काळविटाचं एक पाडस सापडलं, खूर भाजलेले. साहेबांनी ते घरी आणलं. वहिनींनी खोबरेल आणि चुन्याची निवळी घोटून लावली. खूर बरे होत आले होते, पण छातीत धूर गेलेला. चौथ्या दिवशी खोकून खोकून गेलं. त्या दिवशी साहेब कचेरीत आले नाहीत. मी भेटायला गेलो तर ओसरीवर बसून लहान मुलासारखे रडत होते.

आग कोणी लावली? कुरणात सापडला सिद्धाप्पा धनगर. घोंगडीला जळका वास, कडा करपलेल्या. तो एकच सांगत होता, "सायेब, इस्तू म्या न्हाय लावला. म्या इजवाया गेलतो. घोंगडी भिजवून हाणत हुतो की." कोण ऐकणार? पाच वर्षं चराई बंद. तेव्हापासून तो आणि त्याची बायको मायाक्का मेंढरं घेऊन पार लांब केम गावापर्यंत जातात. वाटेत कळप निम्मा झाला. दोन वर्षं अजून उरली आहेत.

साहेब मला एकदा म्हणाले होते, "शरणप्पा, त्या धनगराच्या डोळ्यांत खोटं नव्हतं हो. मी घाई केली का?" मी काय म्हणालो? म्हणालो, "चहा घ्या, निवतोय."

मघाशी तुम्ही सर्वांनी पाहिलं. ज्यानं बंदी घातली त्याच अधिकाऱ्याच्या खांद्यावर सिद्धाप्पानं नवी घोंगडी घातली. म्हणाला, "मायाक्कानं सूत काडलंय. थंडीत कंबर दुकंल तुमची." साहेबांनी ती दोन्ही हातांनी अंगाशी ओढून घेतली. मला तर खुर्चीवर बसवेना.

मंडळी, आग मी लावली. लवकर कोंब यावा म्हणून गडी न घेता चार जागी काडी मी स्वतः लावली. वारा फिरला तसा टांग्यात बसून घरी आलो. सिद्धाप्पा ती विझवत होता हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तीन वर्षं मी गप्प राहिलो, आणि साहेबांच्या घरी जेवलोही.

साहेब, चार्ज आपण सहाला देणार आहात. आत्ता सव्वाचार झाले. तोपर्यंत सही आपली चालते. कारकून इथंच बसले आहेत. माझा जबाब लिहून घ्या आणि बंदी उठवून जा. माझा मक्ता रद्द करायचा तर तोही करा. ही बोच मनात घेऊन आपण सोलापूर सोडू नये, आपल्यावर माझा तेवढा जीव आहे.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आपण शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपल्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात काही चुकलं असेल तर सभेनं पोटात घालावं. पण त्या आगीची माफी सभेनं देऊ नये. ती माफी सिद्धाप्पाच्या हातची आहे. द्यायची की नाही ते त्यानं आणि मायाक्कानं ठरवावं. मी खाली त्यांच्याजवळ येऊन उभा राहतो.