राऊळबाईंची परीक्षा

१९९९ सालची गोष्ट. नौपाड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भागीरथी नंबर यायची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर टायपिस्ट राऊळबाई होत्या, आणि त्यांच्या कचेरीत कॉम्प्युटर बसवणारा म्हात्रे नुकताच येऊन टेकला होता.

"राऊळबाई, नोकरी सोडलीत म्हणे?" म्हात्रेने विचारलं.

"कॉम्प्युटरवरच्या टायपिंग परीक्षेत नापास झाल्यावर कुठल्या तोंडाने बसू? बावीस वर्षं कळांकडे न बघता मराठी टाइप केलं. तुमच्या त्या लिनक्स नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर नुसता कचरा उमटला. सगळे हसले."

"मीपण हसलो."

"हसाल नाहीतर काय! सगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर अक्षरं एकाच जागी बसवलेली म्हणे, आपल्या टाइपरायटरसारखी. मग चूक माझीच ना? म्हटलं, डोळे तरी तपासून घ्यावेत."

"डोळ्यांना काही झालेलं नाही, बाई. अक्षरांच्या जागा कंपनीगणिक बदलतात, आणि तुम्हाला दिलेलं मशीन वेगळ्या कंपनीचं होतं. त्याच्यावर तुमच्या टाइपरायटरची मांडणी चढवायची राहिली. माझ्याकडून."

भागीरथीच्या हातातल्या मासिकाचं पान उलटायचं राहून गेलं.

"अहो, मग सांगायचं नाही का तेव्हाच?" राऊळबाई म्हणाल्या.

"तेव्हा ठाऊक नव्हतं."

"मग कळलं कधी?"

"त्याच संध्याकाळी."